मोटर उचलताना

शेतीच्या फीडरवर रात्री थ्री फेज येते तेव्हा विहिरीवर बहुधा कुणी नसतं. माणूस घरी झोपलेला असतो आणि स्टार्टरच्या पेटीत त्याच्या वतीनं ऑटो स्विच जागा असतो. वीज आली की तो स्टार्टर खेचतो, आणि एकाच डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठायला बघतात. हिशेब करून पाहू. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टला साधारण ८४ अँपिअर देतो. त्यावर पाच एचपीच्या बारा मोटरी आहेत असं धरा. प्रत्येकी साडेसात म्हणजे चालू स्थितीत ९० अँपिअर. थोडा ओव्हरलोड, आपल्याकडे खपून जातो तेवढा. पण उभी मोटर उठताना सहापट करंट मागते, आणि बारा जणी एकदम उठल्या तर मागणी साडेपाचशेच्या घरात जाते. एवढ्या मागणीत ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या इंपीडन्समध्येच व्होल्टेजचा साधारण एक पंचमांश भाग खर्ची पडतो, पुढे एलटी लाइनच्या तारेत आणखी. शेवटच्या खांबावरच्या मोटरीला जे उरतं त्यावर ती उचलत नाही, नुसती घुमत राहते, आणि घुमणारी मोटर धावणाऱ्या मोटरीच्या कैकपट करंट ओढते. मग कुठे वायंडिंग जळतं, कुठे फ्यूज उडतो, कधी डीपीच जाते. महावितरण वर्षानुवर्षं ऑटो स्विच काढा म्हणून सांगत आलं आहे, त्यामागचं गणित हे.

या पुस्तकाचा विषय आहे सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे थायरिस्टरच्या मदतीनं मोटरीला सुरुवातीला कमी व्होल्टेज देऊन मग चढवत चढवत पूर्ण व्होल्टेजवर नेणारं यंत्र. तरी वरच्या दुखण्यावर मी सॉफ्ट स्टार्टर लिहून देणार नाही. पाच एचपीच्या मोटरीला साधा डीओएल पुरतो. ऑटो स्विच ठेवायचाच असेल तर प्रत्येक पंपाला वेगवेगळा उशीर लावणारा टायमर बसवावा. एक मोटर दहा सेकंदांनी उठेल, दुसरी वीस, तिसरी तीस. खर्च थोडा आणि डीपी शाबूत. सुरुवात तिथून केली ती एवढ्यासाठी की आपल्या विषयातली तिन्ही पात्रं तिथं एकत्र भेटतात: मोटर, तिच्या मागची लाइन आणि तिच्या पुढचा भार. स्टार्टर निवडताना आपण बहुतेक वेळा एकट्या मोटरीकडे बघतो. तिच्या प्लेटवर पंचाहत्तर एचपी वाचायचं, कॅटलॉगमध्ये पंचाहत्तर एचपीचा डबा शोधायचा आणि ऑर्डर द्यायची. पुढची सगळी पानं या सवयीविरुद्ध लिहिली आहेत.

मोटर एवढी हावरी का, हे आधी पाहू. निकोला टेस्लाला १८८८ साली त्याच्या मोटरीची पेटंटं मिळाली. पुढच्याच वर्षी जर्मनीत एईजी कंपनीतल्या मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की या अभियंत्यानं तीन फेजवर चालणारी, पिंजऱ्याच्या रोटरची मोटर बांधली. १८९१ मध्ये लाउफेनची वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेली गेली, तेव्हा तिथल्या कृत्रिम धबधब्याचं पाणी थ्री फेज मोटरीवरचा पंपच वर चढवत होता. पंपाची आणि या मोटरीची सोयरीक तेवढी जुनी आहे.

पिंजऱ्याच्या रोटरला ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही, बाहेरून जोडलेली एक तारही नाही. तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना कडी, संपलं. म्हणूनच ती विहिरीच्या ओलीत आणि गिरणीच्या पिठात वर्षानुवर्षं तगते. पण उभ्या अवस्थेत ही मोटर म्हणजे सेकंडरी शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मर. स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला पंधराशे फेऱ्या मारत असतं, रोटर जागच्या जागी असतो, त्याच्या पट्ट्यांमध्ये पूर्ण पन्नास हर्ट्‌झचं व्होल्टेज उमटतं आणि त्याला अडवायला जेमतेम रोध असतो. तो रोध जाणूनबुजून कमी ठेवलेला असतो, कारण धावताना स्लिप कमी राहावी, उष्णता कमी व्हावी, कार्यक्षमता वाढावी. धावताना जो गुण, तोच उठताना अवगुण. वर आणखी गंमत अशी की सहापट करंट घेऊन टॉर्क मिळतो फार तर दीडपट, कारण त्या करंटचा मोठा भाग पॉवर फॅक्टरच्या खड्ड्यात जातो. उठणाऱ्या मोटरीचा पॉवर फॅक्टर ०.२ ते ०.३ एवढाच असतो.

यावरचा सगळ्यात सरळ इलाज रोटरमध्ये रोध घालण्याचा. त्यासाठी स्लिप रिंग मोटर लागते. साखर कारखान्यात उसाचा भुगा करणाऱ्या फायबरायझरच्या मोटरीशेजारी आजही पाण्याच्या टाक्या दिसतात. त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी असतं आणि इलेक्ट्रोड एकमेकांच्या जवळ सरकत जातात तसा रोटरच्या सर्किटमधला रोध कमी होत जातो. नव्या पोरांना हा प्रकार आजोबांच्या काळातला वाटतो. पण करंट कमी आणि टॉर्क जास्त, ही दोन्ही वरदानं एकत्र देणारी लाइनवरची दुसरी पद्धत नाही, आणि जड फिरत्या हातोड्यांना जागचं हलवायचं असतं तेव्हा हा ओबडधोबड लिक्विड स्टार्टर चकचकीत इलेक्ट्रॉनिक डब्याला अजून भारी पडतो.

पिंजऱ्याच्या रोटरमध्ये मात्र आत हात घालता येत नाही. बाहेरून व्होल्टेज कमी करणं एवढंच हातात राहतं. स्टार-डेल्टात प्रत्येक वायंडिंगला ५८ टक्के व्होल्टेज मिळतं, लाइनचा करंट एक तृतीयांश होतो आणि टॉर्कही एक तृतीयांश. ऑटोट्रान्सफॉर्मरला बहुधा ५०, ६५ आणि ८० टक्क्यांचे टॅप असतात; त्यातही लाइनचा करंट आणि टॉर्क बरोबरीनं उतरतात, अर्ध्या टॅपवर दोन्ही पाव. स्टार-डेल्टाचा दोष सगळ्यांना कानांनी ठाऊक आहे. स्टारचा कॉन्टॅक्टर सुटतो, क्षणभर मोटर वाऱ्यावर, डेल्टाचा बसतो आणि ठाक्‌कन झटका येतो. त्या क्षणभरात रोटरमध्ये चुंबकत्व शिल्लक असतं, मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करत असते आणि ते लाइनच्या व्होल्टेजशी जुळलेलं असेलच असं नाही. उलट्या बाजूला सापडलं तर झटक्याचा करंट डीओएलच्या करंटलाही मागे टाकतो. बर्लिनच्या माक्स कोर्नडॉर्फरनं ऑटोट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत ही अडचण सोडवली. मोटर लाइनपासून एकदाही न सोडता टॅपवरून पूर्ण व्होल्टेजवर नेण्याची त्याची जोडणी अमेरिकेत १९१४ साली पेटंट झाली आणि आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते.

थायरिस्टर आला १९५७ साली, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमधून. सिलिकॉनच्या या चकतीला गेटवर छोटी कळ दिली की ती वाहू लागते आणि करंट शून्यावर येईपर्यंत वाहत राहते. मधेच थांब म्हणून सांगायची सोय नाही. प्रत्येक फेजमध्ये असे दोन थायरिस्टर उलटसुलट जोडायचे, एक लाटेच्या वरच्या अर्ध्यासाठी, एक खालच्या. पन्नास हर्ट्‌झला अर्धी लाट दहा मिलिसेकंदांची. कळ लगेच दिली तर पूर्ण अर्धी लाट मोटरीला मिळते, उशिरा दिली तर तिचं शेपूट तेवढं. उशीर हळूहळू कमी करत जायचं की व्होल्टेज चढत जातं. सॉफ्ट स्टार्टरचं मर्म एवढंच. सांगायला सोपं, करायला तितकं नाही, कारण मोटरीचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, आणि किती रेंगाळतो ते तिच्या वेगाबरोबर बदलत जातं. ०.२ पॉवर फॅक्टरवर उठलेली मोटर वेगात येता येता ०.८५ वर जाते, आणि कळ देण्याची तीच वेळ सुरुवातीला एक परिणाम करते, शेवटी दुसराच. हलक्या प्रतीच्या स्टार्टरवर मोटर पूर्ण वेगाच्या तोंडाशी आली की थरथरते, ती यामुळे.

इथं एका गैरसमजाचा उगम सांगून टाकतो. अमेरिकेच्या नासा संस्थेत फ्रँक नोला नावाच्या अभियंत्यानं अर्धवट भारावर चालणाऱ्या मोटरीचं व्होल्टेज आपोआप कमी करणारं सर्किट तयार केलं. १९७७ साली त्याचं पेटंट झालं. तेलाच्या टंचाईचे दिवस होते, नासाचं नाव होतं, आणि वीज वाचवणारा डबा म्हणून त्याचा बोलबाला झाला. शिलाई मशिनसारख्या, बहुतांश वेळ रिकाम्या फिरणाऱ्या छोट्या मोटरींत त्यानं थोडी वीज वाचतेही. भरल्या पंपावर चालणाऱ्या थ्री फेज मोटरीत वाचण्यासारखं जवळजवळ काही नसतं. पण नोलाच्या सर्किटाची पिल्लं सॉफ्ट स्टार्टरमध्ये शिरली आणि त्यांच्याबरोबर ‘सॉफ्ट स्टार्टरनं बिल कमी येतं’ ही जाहिरातही शिरली. बिल कमी येत नाही. पूर्ण व्होल्टेजवर पोचल्यावर थायरिस्टर उलट स्वतःच वीज खातात. प्रत्येकावर साधारण एक व्होल्ट पडतो, म्हणजे शंभर अँपिअरच्या मोटरीमागे तीन फेजमध्ये मिळून तीनेकशे वॅटची उष्णता. म्हणून मोटर वेगात आली की समांतर बायपास कॉन्टॅक्टर बसवून थायरिस्टरना विश्रांती द्यायची. बायपास नसेल तर पॅनेलला पंखे आणि जाळ्या लागतात, आणि आपल्याकडच्या धुळीत त्या जाळ्या सहा महिन्यांत बुजतात.

आता मुख्य सौदा. मोटरीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. अर्धं व्होल्टेज, पाव टॉर्क. एक तृतीयांश व्होल्टेज, एक नवमांश टॉर्क. करंट मात्र साध्या प्रमाणात उतरतो. म्हणजे करंटमध्ये वाचवलेल्या रुपयासाठी टॉर्कमध्ये रुपयाहून बरंच जास्त मोजावं लागतं. स्टार-डेल्टा आणि ऑटोट्रान्सफॉर्मर लाइनच्या बाजूला हा हिशेब सावरून घेतात, कारण मोटरीतला करंट आणि लाइनमधला करंट तिथं वेगळे असतात. थायरिस्टर लाट कापतो, करंटचं रूपांतर करत नाही. मोटरीत जातो तेवढाच लाइनमधून येतो. परिणाम असा की लाइनचा करंट एक तृतीयांशावर आणला तर स्टार-डेल्टा एक तृतीयांश टॉर्क देतो आणि सॉफ्ट स्टार्टर एक नवमांश. तेवढाच एक तृतीयांश टॉर्क सॉफ्ट स्टार्टरकडून हवा असेल तर करंट ५८ टक्क्यांवर ठेवावा लागेल. विक्रेते हे वाक्य सांगत नाहीत. सॉफ्ट स्टार्टर श्रेष्ठ ठरतो तो वेगळ्या कारणांनी: मधला झटका नाही, टॉर्क पायऱ्यांनी न वाढता चढणीनं वाढतो, पट्टे किंचाळत नाहीत, कपलिंगचे रबर टिकतात, सेटिंग भाराप्रमाणे बदलता येतं, मोटरीपर्यंत सहाऐवजी तीनच तारा न्याव्या लागतात. कमी अँपिअरमध्ये जास्त जोर हा त्याचा गुण नव्हे.

हा वर्गाचा नियम साइटवर कसा दिसतो ते एका प्रसंगातून सांगतो. असे प्रसंग कुठल्याही औद्योगिक वसाहतीत घडतात. कारखान्याच्या मालकाला मीटरवरचा काटा उडालेला आवडत नाही. कमिशनिंगला आलेला मुलगा करंट लिमिट तीनशे टक्क्यांवरून दोनशेवर आणतो. मोटर डीओएलवर सहाशे टक्के करंट आणि दीडशे टक्के टॉर्क देणारी. दोनशे टक्के करंट म्हणजे एक तृतीयांश व्होल्टेज, म्हणजे टॉर्क उरला सतरा टक्क्यांच्या आत. समोर सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर तो सुरुवातीला फिरतो, कारण उभ्या पंपाला जोर थोडाच लागतो. मालक खूश होतो. वेग वाढतो तशी पंपाची मागणी वेगाच्या वर्गानं वाढते, अर्ध्या वाटेत मागणी आणि पुरवठा समसमान होतात आणि मोटर तिथंच अडकून घुमत राहते. मिनिटाभरात ओव्हरलोड ट्रिप. मग ‘स्टार्टर खराब आहे’ म्हणून फोन जातो. स्टार्टर ठीक असतो; लिमिट साडेतीनशेवर नेलं की मोटर काही सेकंदांत वेग घेते. भरलेला कन्व्हेयर बेल्ट असता तर मोटर हललीच नसती, आणि साडेतीनशेवरही बहुधा हलली नसती. तिथं सुरुवातीलाच शंभर टक्क्यांहून जास्त टॉर्क लागतो. काही स्टार्टरांत त्यासाठी किक स्टार्टची सोय असते. अर्धाएक सेकंद जोराचा धक्का द्यायचा, भार जागचा सुटला की परत खाली यायचं. चिकटलेल्या बेअरिंगला किंवा थंड ग्रीसला ती उपयोगी पडते. दगड अडकलेल्या खडी क्रशरला तिचा उपयोग नाही.

दुसरा एक समज याहून चिवट आहे: हळू उठवली की मोटर थंड राहते. रोटरच्या बाबतीत हे खरं नाही. कुठलंही चाक शून्यापासून पूर्ण वेगात आणताना त्यात जेवढी गतिज ऊर्जा साठते, तेवढीच ऊर्जा रोटरमध्ये उष्णता होऊन जाते. व्होल्टेज पूर्ण असो की कमी, पाच सेकंद लागोत की वीस, हा आकडा बदलत नाही. बॉयलरच्या मोठ्या आयडी पंख्याचा जडत्व-आघूर्ण वीस किलोग्रॅम-वर्गमीटर असेल आणि वेग १४८० आरपीएम, तर साधारण २४० किलोज्यूल उष्णता रोटरच्या वाट्याला येणारच. आणि हा झाला किमान आकडा. वाटेत पंख्याला हवेचा विरोध असतो. तो जितका जास्त वेळ सोसावा लागेल तितकी उष्णता वाढते. म्हणजे सुरुवात लांबवली तर मोटर जास्त तापते. मोटर दर तासाला किती वेळा सुरू करायची हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा, आणि सॉफ्ट स्टार्टर लावला म्हणून ती संख्या वाढवायची नाही.

मला स्वतःला या यंत्राचं खरं मोल सुरू करण्यापेक्षा थांबवण्यात वाटतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर सहकारी उपसा जलसिंचन संस्थांचे पंप नदीचं पाणी लांबच्या माळावर चढवतात. पाइपात पाण्याचा लांबच लांब स्तंभ धावत असतो. मोटर एकदम बंद झाली, व्हॉल्व्ह आपटला, की तो स्तंभ थबकतो आणि दाबाची लाट उठते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्कीनं १८९८ मध्ये याचा हिशेब मांडला. लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला बदल, भागिले गुरुत्वाचा आकडा. लोखंडी पाइपात लाट सेकंदाला सुमारे हजार मीटर धावते. सेकंदाला दीड मीटरनं जाणारं पाणी एकदम थांबलं तर दीडशे मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब क्षणात येतो. पंपहाउसमध्ये हातोडा मारल्यासारखा आवाज येतो, जॉइंट सुटतो, कधी पाइपच फुटतो. ‘एकदम’ म्हणजे किती हेही पाइपची लांबी ठरवते: दोन किलोमीटरच्या पाइपात लाट जाऊन परत यायला चार सेकंद, म्हणून तिथं दोन-तीन सेकंदांचं थांबणं हे एकदम थांबण्यासारखंच. सॉफ्ट स्टॉप तिथं दहा-वीस सेकंदांचा हवा.

पण त्यातही एक मेख आहे. व्होल्टेज सरळ रेषेत उतरवलं तर मोटर बराच वेळ वेग सोडत नाही. टॉर्कला वाव असतो, स्लिप थोडी वाढते, पाणी तसंच चालू. मग एका क्षणी मोटरीचा सर्वाधिक टॉर्क पंपाच्या मागणीखाली जातो आणि मोटर कोसळते. रॅम्प वीस सेकंदांचा लावलेला असतो, वेग मात्र शेवटच्या दोन-तीन सेकंदांत जातो आणि व्हॉल्व्ह आपटतोच. चांगले स्टार्टर म्हणून व्होल्टेजऐवजी टॉर्क मोजून उतरवतात, आणि पंपासाठी स्टार्टर घेताना खास विचारून घेण्यासारखी गोष्ट ही. त्यानंतरही एक सत्य उरतं. लाइट गेली तर सॉफ्ट स्टॉप नाही. थायरिस्टरकडे उतरवायला व्होल्टेजच नसतं. आपल्याकडे लाइट जाणं नित्याचं, त्यामुळे एअर व्हेसल किंवा सर्ज व्हॉल्व्हचा खर्च सॉफ्ट स्टार्टर लावल्यानं वाचत नाही. असा सल्ला कुणी देत असेल तर त्याला पाइपलाइनची गॅरंटी लेखी मागावी.

सबमर्सिबलची गोष्ट वेगळी. तिथं लांब रॅम्प घातकच. या मोटरीचा थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो आणि तो थर वेग आल्याशिवाय बनत नाही. बनवणारे म्हणूनच दोन-तीन सेकंदांत मोटर वेगात आणा असं सांगतात. तीस सेकंदांचा ‘एकदम सॉफ्ट’ रॅम्प लावून बेअरिंग घासून घेतलेल्या मोटरी बोअरमधून वर काढणं हा फार खर्चाचा धडा आहे.

स्टार्टरच्या प्लेटवर एक ओळ असते. ती वाचणारा माणूस क्वचित भेटतो. उदाहरणार्थ ‘९० ए : एसी-५३ए : ४-२० : ५०-६’. ही आंतरराष्ट्रीय मानक ६०९४७-४-२ मधली भाषा. नव्वद अँपिअरची मोटर, चौपट करंटवर वीस सेकंद उठवता येईल, चक्राचा पन्नास टक्के वेळ भारावर, तासाला सहा वेळा. एसी-५३बी असेल तर स्टार्टर बायपाससह वापरायचा आहे, आणि शेवटचा आकडा दोन सुरुवातींमध्ये किती सेकंद विश्रांती द्यायची ते सांगतो. दोन कंपन्यांचे ‘नव्वद अँपिअर’चे स्टार्टर एकाच किमतीत मिळत असतील तर ही ओळ बघा. एकाचं ‘४-२०’ आणि दुसऱ्याचं ‘३-१०’ असेल तर ते एकाच ताकदीचे नाहीत. मोठ्या पंख्याला वीस सेकंद लागणार असतील तर दुसरा पहिल्याच आठवड्यात हात टेकेल. या एका ओळीवर पुढे पूर्ण प्रकरण आहे, आणि घाईत असलेल्यानं तेवढंच वाचलं तरी माझी हरकत नाही.

कॅपॅसिटरबद्दल सावध करणं भाग आहे. महावितरणच्या सांगण्यावरून आणि पॉवर फॅक्टरच्या दंडाच्या भीतीनं कॅपॅसिटर मोटरीच्या टर्मिनलवर बसवायची रीत पडली आहे. डीओएलला ती चालते. तिथं जुना डीओएल काढून सॉफ्ट स्टार्टर बसवला आणि कॅपॅसिटर जागच्या जागी राहू दिला, की थायरिस्टर पहिल्या कळेला रिकाम्या कॅपॅसिटरमध्ये प्रचंड वेगानं करंट ओततो. सिलिकॉनची चकती हा वेग सोसत नाही आणि शॉर्ट होऊन बसते. कॅपॅसिटर सॉफ्ट स्टार्टरच्या लाइनकडच्या बाजूला, स्वतःच्या कॉन्टॅक्टरवर घ्यायचा, आणि तो कॉन्टॅक्टर मोटर पूर्ण वेगात आल्यावरच बसला पाहिजे. जुन्या पॅनेलमध्ये बदल करताना हे विसरणं फार सोपं, कारण कॅपॅसिटर कित्येकदा पॅनेलमध्ये नसतोच. तो मोटरीजवळ भिंतीला टांगलेला असतो.

व्हीएफडी असताना या सगळ्याची गरज काय, असं तरुण अभियंते विचारतात. प्रश्न रास्त आहे. व्हीएफडी व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही उतरवतो, त्यामुळे वर्गाचा सौदा त्याला लागू होत नाही. रेटेड करंटच्या आसपास राहून तो पूर्ण टॉर्क देतो. सॉफ्ट स्टार्टर पन्नास हर्ट्‌झला बांधलेला आहे. भरलेला कन्व्हेयर, क्रशर, किंवा पाण्याचा प्रवाह दिवसभर कमीजास्त करावा लागणारा पंप असेल तर मी व्हीएफडीच घ्या म्हणेन, आणि तिथं खरोखर वीजही वाचते. पण एकदा सुरू करून दिवसभर पूर्ण वेगात चालवायचा पंप, पंखा किंवा कॉम्प्रेसर असेल तर व्हीएफडी दिवसभर आपले दोन-तीन टक्के खात बसतो, आणि सॉफ्ट स्टार्टर बायपास बसल्यावर बाजूला होतो. किमतीतला फरक कमी होत चालला आहे. पुढच्या आवृत्तीपर्यंत हा परिच्छेद कदाचित बदलावा लागेल.

हे पुस्तक वायरमन, मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन, आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं आणि उपसा संस्थांच्या पंपहाउसमध्ये रात्रपाळी करणारे ऑपरेटर यांच्यासाठी लिहिलं आहे. गणित जेवढं लागतं तेवढंच घेतलं आहे, पण वर्ग आणि वर्गमूळ सोडून पळ काढलेला नाही. शब्द दुकानात आणि पॅनेलसमोर बोलतात तेच ठेवले आहेत. सर्किटांची चित्रं कुठल्याही एका कंपनीच्या मॉडेलवर बेतलेली नाहीत, त्यामुळे टर्मिनलचे नंबर तुमच्या मॅन्युअलशी जुळवून घ्यावे लागतील.

पहिलं प्रकरण सुरक्षेचं आहे आणि ते शेवटी ढकलू नये. कॉन्टॅक्टर सुटला की मोटरीचा संबंध तुटतो, अशी आपल्या हातांना सवय लागली आहे. सॉफ्ट स्टार्टर बंद असतो तेव्हा थायरिस्टर फक्त वाहत नसतात. तार तुटलेली नसते. त्यांच्या समांतर असलेल्या स्नबर सर्किटमधून थोडा करंट झिरपत राहतो आणि मोटरीची तार काढली तर तिच्या टोकावर मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेजच्या जवळपास आकडा दाखवतो. काही स्वस्त स्टार्टरांत थायरिस्टर दोनच फेजमध्ये असतात आणि तिसरी फेज सरळ मोटरीपर्यंत जिवंत असते. शिवाय थायरिस्टर बिघडतो तो बहुधा शॉर्ट होऊन. स्क्रीनवर ‘रेडी’ लिहिलेलं असो की ‘स्टॉप’, मोटरीच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडण्याआधी वरचा आयसोलेटर खाली पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि तिन्ही फेज आपल्या मीटरनं तपासून घ्यायच्या.